या नावाची बाई

“वानखडे इथं कोणी राहत नाही. हे अढाऊचं घर हाय,” देवमनने पोस्टमनला सांगितलं, आणि अंगणात चिंचा फोडत बसलेल्या सत्यभामाबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला.

तसं पाहिलं तर वाक्य खोटं नव्हतं. दारावरच्या पाटीवर अढाऊच लिहिलेलं होतं, आणि घरात राहणारे चौघेही अढाऊच होते. देवमनची ही जुनी खुबी. तो खोटं बोलत नसे. खऱ्यातलं आपल्या सोयीचं तेवढं निवडून बोलत असे. एकाहत्तर वर्षांचा झाला, अर्धे दात गेले, पण खुबी गेली नव्हती.

“घर तर हेच हाय, आबा,” पोस्टमन पाकीट उलटंसुलटं करत म्हणाला. “दामिनी ज्ञानेश्वर वानखडे, तेल्हारा. स्पीड पोस्ट हाय. सही पाह्यजे.”

“नाही म्हटलं ना तुले. शेरा मार अन् पाठव वापस. तिकडं लढाई लागली अन् तू कागदं वाटत फिरून राहिला.”

पोस्टमनने शेरा मारायला खिशातून मोबाइल काढला. सत्यभामाबाई उठल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे सहजासहजी ऐकत नाहीत, पण त्या दिवशी ऐकले.

“थांब रे बापा,” त्या म्हणाल्या. “हाय ती. वानखड्याची दामिनी इथंच राहते. गच्चीवर कुरड्या घालून राहिली. हाक मारते तिले.”

देवमनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गेली कित्येक वर्षं तो त्यांच्याकडे सरळ पाहतच नसे. सख्ख्या भावाची बायको, घरातली सगळ्यांत मोठी बाई, म्हणून ‘वयनी’ म्हणायचा आणि भिंतीशी बोलावं तसं बोलायचा. त्याही त्याला ‘भाऊजी’ म्हणत, आणि त्या शब्दात जेवढा थंडपणा मावेल तेवढा भरत.

दामिनी खाली आली तेव्हा तिच्या मनगटापर्यंत गव्हाचा चीक लागलेला होता. देवमनच्या नातवाची, किशोरची ती बायको. किशोर फौजेत, राजस्थानच्या सीमेवर. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि त्यातले नवऱ्यासोबतचे दिवस बोटांवर मोजता आले असते. अकोल्याला नर्सिंगचा कोर्स केलेली पोरगी. सरकारी दवाखान्याच्या भरतीचा अर्ज तिने लग्नाआधी भरला होता, म्हणून सगळ्या कागदांवर बापाचं नाव होतं, पत्ता तेवढा नंतर इथला कळवलेला. हात पदराला पुसून तिने सही केली, पाकीट फोडलं, आणि तिथेच पायरीवर बसून दोनदा वाचलं.

“अमरावतीले,” ती सत्यभामाबाईंना म्हणाली. “शुक्रवारी पाचच्या आत रुजू व्हायचं हाय. सगळे कागद मूळ पाह्यजे. नाही गेली तर नाव कटते, दुसऱ्याले देते.”

तो बुधवार होता. दोन हजार पंचवीसचा मे. पहाटे आपल्या विमानांनी सीमेपलीकडे मारा केल्याची बातमी होती, आणि घरातला टीव्ही सकाळी सहापासून एक मिनिट बंद झालेला नव्हता. किशोरचा फोन मंगळवारपासून लागत नव्हता.

“शुक्रवार कोणता अन् शनिवार कोणता,” देवमन म्हणाला. “नवरा सीमेवर उभा, अन् बायको नोकरी धुंडत फिरून राहिली. लोकं तोंडात शेण घालतीन. लढाई संपू दे. मंग पाहू.”

“लढाई शुक्रवारच्या आत संपते का, आबाजी?” दामिनीने विचारलं. तिने ते साधेपणाने विचारलं होतं. देवमनला ते उलट उत्तर वाटलं.

“चंदा,” त्याने आत हाक मारली, “हिले दिव्यापाशी बसव.”

चंदा म्हणजे किशोरची आई, देवमनची सून. नवरा दहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून सासऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली. मंगळवारी फोन लागेना तसा तिने देवापुढे अखंड दिवा लावला होता. मुलगा सुखरूप असल्याचं कळेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, बायकोने त्यात तेल घालत राहायचं आणि गावाची शीव ओलांडायची नाही. दामिनीची सगळी प्रमाणपत्रं लग्नापासून कोठीतल्या लोखंडी पेटीत होती आणि पेटीची किल्ली चंदाच्या कमरेला.

“चल वं,” चंदा म्हणाली. “कागद कुठं पळून नाही चालला.”

“कागद नाही पळत, आई. तारीख पळते.”

पण ती गेली. सव्वा वर्षाची सून, अजून बसायला जागा शोधत होती त्या घरात. सत्यभामाबाई परत चिंचांपाशी बसल्या, पण चिंचा फोडवल्या नाहीत. या नावाचं इथं कोणी राहत नाही. हे वाक्य त्या घराच्या दारात, त्याच माणसाच्या तोंडून, आधीही एकदा बोललं गेलं होतं. तेव्हा मात्र त्या अंगणात नव्हत्या.

•

एकोणीसशे सत्तरच्या वैशाखात त्या या घरात आल्या. माहेर अंजनगावचं. त्या लहान रुळांच्या गाडीतून मूर्तिजापूरपर्यंत आल्याचं त्यांना कालच्यासारखं आठवायचं. गाडी इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून बाभळीच्या शेंगा तोडून परत चढत. डब्यात सासरची माणसं, मांडीवर ओटीचा नारळ, आणि मनात सारखं घोळवत होत्या नवं नाव, विसरू नये म्हणून. माहेरचं नाव होतं शकुन. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तसं नवऱ्याने, रामरावांनी लिहिलं होतं, सत्यभामा. ते सासऱ्यांनी ठरवलेलं. रामराव खोलीत मात्र हळूच ‘शकुन’ म्हणायचे. ताटातलं नाव घरादाराचं होतं, शकुन एवढं दोघांचं.

रामराव फौजेत होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात लढाई लागली. तुरी फुलल्या होत्या, थंडी कडाक्याची होती, आणि खिडक्यांच्या काचांना गावातल्या पोरांनी काजळी फासली होती, जणू तेल्हाऱ्यावर बॉम्ब टाकायला कोणी येणार होतं. सासूने देवापुढे दिवा लावला आणि एकोणीस वर्षांच्या सुनेला त्याच्यापुढे बसवलं. तिसऱ्या की चौथ्या पहाटे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा वात काळी पडली होती.

पंधरा दिवसांनी तार आली. इंग्रजीत. हेडमास्तरांना वाचायला बोलावलं. बेपत्ता, मारला गेल्याचा अंदाज, असं तिच्यात होतं. मास्तरांना ‘मारला गेल्याचा’ एवढं नीट समजलं. बेपत्ता आणि अंदाज हे दोन शब्द त्यांनी सोडून दिले. उंबऱ्यावर दगडाने बांगड्या फुटल्या. सासूने दिवस मोजले, दिवा कोणत्या पहाटे विझला आणि तारेत कोणती तारीख आहे. “तिनं झोपून खाल्लं माह्या लेकाले,” असं ती आल्यागेल्याला सांगू लागली. त्यानंतर घरात शकुनही उरली नाही आणि सत्यभामाही. ‘ती’ उरली. तिले भाकर दे. तिले न्हाणीकडं पाठव. तिले म्हणा, पाव्हण्यासमोर येऊ नको.

वर्षाच्या आत पाट लावायचं ठरलं. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, वाजंत्री नाही, मांडव नाही, चार माणसांत उरकायचं. नवरा मुलगा देवमन, सतरा वर्षांचा, अजून मिशी न फुटलेला. घरची बाई घरात राहते, सासरे म्हणायचे. तिला कोणी विचारलं नाही. तिने अन्न टाकलं, आजारी पडली, माहेरच्या म्हातारीला बरं नाही म्हणून दोन महिने काढले, आणि तारीख कार्तिकावर गेली.

आश्विनात सासऱ्यांच्या नावाने एक कार्ड आलं. रामराव जिवंत होते. सीमेपलीकडे, कैदेत.

त्या हिवाळ्यात कैदी सुटून आले. रामराव घरी आले तेव्हा त्यांचे केस मागे हटले होते आणि ते दार लावलेल्या खोलीत झोपू शकत नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “चैत्रात कार्ड धाडलं होतं तुह्या नावानं. भेटलं नाही?” कार्ड तिच्या नावाने होतं, म्हणजे शकुनच्या. कैदेतल्या माणसाच्या हाताने लिहिताना जे नाव जवळचं होतं तेच लिहिलं गेलं. चौकशीत कळलं, चैत्रात पोस्टमन ते घेऊन दारात आला तेव्हा ओट्यावर देवमन होता. या नावाची बाई इथं नाही, असं त्याने सांगितलं, आणि कार्ड परत गेलं. सात महिने एका जिवंत माणसाची बायको त्याच्या घरात विधवा म्हणून राबली.

“शकुन कोण, मले काय माहीत?” देवमन तेव्हा म्हणाला होता. “घरात शकुन नव्हती कोणी.”

हेही खरंच होतं. रामरावांनी भावाला पुढे काही विचारलं नाही. एक लढाई करून आलेल्या माणसात घरातली दुसरी करायचं बळ नव्हतं. ते शेती करत राहिले, मुलगी झाली, तिला शिकवलं, आणि आठ वर्षांपूर्वी गेले. सत्यभामाबाई त्याच नवऱ्याच्या मागे दुसऱ्यांदा विधवा झाल्या. देवमनला खरंच माहीत नव्हतं का, हा प्रश्न त्या घरात त्यांच्यासोबत त्रेपन्न वर्षं उठला, बसला आणि जेवला. तो तोंडातून मात्र कधी बाहेर आला नाही.

•

गुरुवारी सकाळी त्यांनी ताराला फोन लावला. तारा त्यांची मुलगी, अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते.

“आई, तिला काहीही करून उद्या पाठव,” तारा म्हणाली. “मी दवाखान्याच्या दारात उभी राहते.”

“तुले एक विचारू? ते तू मागं सांगितलं होतं ना, बाया अन् लढाया.”

“हो. जगभरच्या लोकांनी कितीतरी वर्षांचे आकडे मांडून पाहिलेत. ज्या देशांत बाईला घरात, कायद्यात, शाळेत कमी लेखतात, ते देश शेजाऱ्यावर लवकर हात उचलतात, असं बऱ्याच जणांना दिसलंय. सगळ्यांना ते पटत नाही. असं का होतं, यावर तर भांडणंच आहेत.”

“भांडायचं काय त्यात. त्याइले म्हणा, इतके आकडे मांडण्यापरीस तेल्हाऱ्याले येऊन आठ दिवस राहा. घरात ज्याचं भांडण हुकमानं मिटते, त्याले बाहेर बोलून मिटवायची सवय कुठून लागीन?”

तारा हसली. “हे लिहून पाठव मला.”

“मी काय लिहू. मले तर अजून हेच समजलं नाही, लढाईनं बाई घरात कोंडली जाते का बाई कोंडलेली असते म्हणून लढाई होते.”

“तेच तर भांडण आहे, आई.”

दुपारभर टीव्ही चालू होता. पडद्यावर कोणी नकाशे दाखवत होतं, कोणी ओरडत होतं, कोणी शेजारचा देश नकाशावरून पुसायला निघालं होतं. मग आदल्या दिवशीचं पुन्हा दाखवलं, लष्करी वेशातल्या दोन बायका शांतपणे माहिती देत होत्या. देवमन खुर्चीत ताठ झाला.

“वाघिणी हायेत वाघिणी,” तो म्हणाला. “पाहा लेकहो, आपल्या पोरी.”

“त्याइले घरून कोणी निघू देलं असन, म्हणून तिथं बसल्या,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

देवघरातून दामिनीने मान वर केली. रात्रभराच्या जागरणाने तिचे डोळे लाल होते. चंदा दारात भाजी निवडत होती, तिचे हात मंदावले.

“तुमाले लय वाटते ना बायाचं,” देवमन भिंतीकडे पाहत म्हणाला. “एकाहत्तरची लढाई कोणाच्या राज्यात झाली? दिल्लीत तवा बाईच बसली होती ना खुर्चीवर? मंग? बाई आली की लढाई थांबते म्हणता?”

“एक बाई दिल्लीत खुर्चीवर बसली, भाऊजी. मी इथं तुमच्यासमोर खाटेवर बसू शकत नव्हती. जमिनीवर बसत होती, अन् तेही भिंतीकडं तोंड करून. तुमी सतरा वर्षांचे होते.”

“जुनं काहून उकरून राहिल्या?”

“जुनं कुठं हाय? पोरीले दिव्यापाशी बसवलं, कागद पेटीत घातले, अन् पोस्टमनले म्हटलं या नावाचं कोणी नाही. यातलं जुनं काय ते सांगा.”

“मी म्हटलं वानखडे नाही. नाहीच. या घरात आली तवाच ती वानखडे राहिली नाही.”

“अन् शकुन?”

देवमनने टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवरचा माणूस दुप्पट जोराने ओरडू लागला, तशा सत्यभामाबाई उठल्या आणि त्यांनी तो बंद केला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात पंख्याचा आवाज ऐकू आला.

“त्रेपन्न वर्षं मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या भावापायी. आता ते नाहीत. चैत्रात कार्ड आलं तवा शकुन कोण, तुमाले माहीत होतं का नाही?”

“म्हातारपणी काय पोलिसचौकी लावता मले.”

“हो का नाही, एवढं सांगा.”

“हो,” देवमन म्हणाला. तो चिडून म्हणाला, जसं अंगावरचं ओझं एखाद्याच्या पायावर टाकावं. “माहीत होतं. लग्नाच्या पत्रिकेवर होतं ना तुमचं नाव. दानापूरपर्यंत सायकलवर जाऊन मीच वाटल्या पत्रिका. शकुन. न माहीत असाले काय झालं?”

“कार्ड वाचलं होतं?”

“उघडंच होतं. वाचलं.” आता पहिल्यांदा त्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “मले सांगतलं होतं बाबानं, ती तुही हाय. सतरा वर्षांच्या पोट्ट्याले म्हटलं होतं, पीक निघालं का पाट. नवं धोतर आणून ठेवलं होतं माह्यासाठी. अन् एक कार्ड येते, दुश्मनाच्या मुलखातून. तार म्हणे मेला, कार्ड म्हणे जिता हाय. मी काहून खरं मानू? मी नाही म्हटलं त्याले. एवढंच.”

“एवढंच.”

“लढाई होती, वयनी. लढाईत कोण कोणाले धुंडते.”

“लढाईनं त्याइले नव्हतं मारलं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “लढाईनं जितं ठेवलं होतं. मारलं तुमी. या दारात उभं राहून, पोस्टमनसमोर. अन् काल त्याच दारात तुमी हिले मारून राहिले होते.”

“मारलं तर मारलं. आता काय फासावर देता?”

दामिनी देवघराच्या उंबऱ्यावर उभी होती, हातात तेलाची पळी तशीच. बोलली ती चंदा, आणि इतक्या हळू की सत्यभामाबाईंना आधी वाटलं, ती स्वतःशीच काही म्हणतेय.

“मामाजी, माह्या लग्नानंतर अंगणवाडीची ऑर्डर निंघाली होती. माह्या बाबानं तालुक्यात जाऊन पाह्यलं होतं, यादीत नाव होतं. ती आली नाही. तुमी म्हटलं होतं, पत्ता चुकला असन.”

देवमनने टीव्हीचा रिमोट उचलला.

“मामाजी, मी विचारून राहिली.”

“तुह्या पोटी तवा किशोर होता. नोकरी करून काय दिवे लावणार होती?”

चंदाने भाजीचं ताट खाली ठेवलं. सासऱ्याला मागे काही विचारल्याचं तिला आठवत नसावं, सत्यभामाबाईंना तर आठवत नव्हतंच. ती कोठीत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. ते तिने दामिनीच्या हातात दिले आणि तिच्याकडून तेलाची पळी घेतली.

“दिवा मी पाहते,” ती म्हणाली. “मी त्याची माय हाय. बायकोनंच पाह्यला पाह्यजे असं देवानं कोणाले लिहून नाही देलं.”

“ती शीव ओलांडून गेली तर तिले या घरात जागा नाही,” देवमन म्हणाला. “वयनी, तुमाले बी नाही.”

“माह्या नवऱ्याचा अर्धा वाटा हाय या घरात,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “जागा तुमी सरकवून घ्या.”

•

शुक्रवारी सकाळी सहाच्या बसने दोघी निघाल्या. अकोल्यापर्यंत दामिनी कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. स्टँडवर उतरल्यावर तिने पुन्हा किशोरचा नंबर लावला, पुन्हा तो लागला नाही. चहाच्या टपरीवर चार माणसं लाहोर कधी घ्यायचं याचा हिशेब करत होती, आणि टपरीवाली बाई त्यांचे ग्लास विसळत होती.

“मोठ्या आजी,” अमरावतीच्या गाडीत बसल्यावर दामिनी म्हणाली, “त्याले काही झालं असन तर? मी तिकडं रुजू होऊन राहिली अन् इकडं…”

सत्यभामाबाईंनी ‘काही होत नाही’ असं म्हटलं नाही. त्या शब्दांची किंमत त्यांना माहीत होती.

“झालं असन तर तू इथं बसली म्हणून झालं असं होत नाही,” त्या म्हणाल्या. “माह्या सासूनं मले सांगतलं, तू झोपली म्हणून झालं. मी ते वर्षभर खरं मानलं. तो तिकडं जिता भाकर खाऊन राहिला होता, अन् मी इकडं त्याले खाल्ल्याचं पाप फेडत होती. तू असं काही मानू नको. बाकी रडायचं असन तर रड, बडनेऱ्यापर्यंत येळ हाय.”

दामिनी रडली नाही. मूर्तिजापूर गेलं तेव्हा सत्यभामाबाईंनी खिडकीतून पाहिलं, पण लहान रुळांचं काही दिसलं नाही.

तारा दवाखान्याच्या दारात खरंच उभी होती. कार्यालयातल्या कारकुनाने कागद पाहिले, आधारकार्ड पाहिलं, आणि नाकावर चष्मा सरकवून विचारलं, “आधारवर अढाऊ, प्रमाणपत्रांवर वानखडे. नक्की कोण तुम्ही?”

“दोन्ही,” दामिनी म्हणाली. “लग्नाचा दाखला जोडला हाय मागं.”

कारकुनाला त्या उत्तरात काही विशेष वाटलं नाही. त्याने शिक्का मारला. दुपारी अडीचला ती रुजू झाली, आणि एक जाड्या आवाजाची सिस्टर तिला प्रसूतीच्या वॉर्डाकडे घेऊन गेली, कारण तिथे दोघी रजेवर होत्या. तारा तिच्या तासाला गेली. दामिनीची पिशवी आणि मोबाइल घेऊन सत्यभामाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

तीनच्या सुमारास मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“दामिनी?”

“आजी बोलून राहिली. जिता हायेस ना?”

“हाव. दुसऱ्याच्या फोनवरून करून राहिलो. दामिनी कुठं हाय?”

“कामावर.”

पलीकडे वारा भरारत होता. कोणीतरी लांबून हाक मारल्याचा आवाज आला.

“घरी लावला होता,” किशोर म्हणाला. “आबाजी म्हणते, तू तिले पळवून नेलं.”

“ती काय शेळी हाय पळवून न्याले. तिची नोकरी, ती गेली.”

“मले विचारलं नाही कोणी.”

“तू फौजेत गेला तवा आमाले विचारून गेला होता का?”

“ते वेगळं हाय, आजी.”

“काहून?”

सत्यभामाबाईंना त्याचा श्वास ऐकू येत होता, धावत आल्यासारखा. बावीस वर्षांचा होता तेव्हा भरती झाला, आता सव्वीसचा.

“आबाजी म्हणते तिले वापस घरात घेत नाही,” तो म्हणाला. “मी इथून काय करू, सांग. इथं काय चालू हाय तुमाले माहीत नाही. माणसानं समोर पाह्यचं का मागं?”

“समोरच पाह्य. मागचं आमी पाहतो. अन् तिच्यावर राग असन तर तिच्यासंगंच भांड, मले मधात घालू नको. आबाजीच्या तोंडून तर बिलकुल भांडू नको. पाचनंतर लाव.”

“पाचले फोन भेटते का नाही, काय माहीत.”

“भेटला का लाव.”

“बरं,” किशोर म्हणाला. ते कबूल केल्याचं बरं होतं की चिडल्याचं, हे त्यांना कळायच्या आत फोन कटला.

थोड्या वेळाने दामिनी वॉर्डातून बाहेर आली. अंगात कोणाचा तरी उसना एप्रन होता, बाह्या लांब. ती बाकापाशी पोचली आणि सत्यभामाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

“कोणाचा होता?”

“तुह्या नवऱ्याचा. जिता हाय.”

दामिनीने भिंतीला हात टेकला. मग तिने एप्रनच्या लांब बाहीने तोंड पुसलं.

“रागात हाय,” सत्यभामाबाई म्हणाल्या. हेही सांगायला हवंच होतं.

आतून सिस्टरने जाड्या आवाजात हाक मारली, बाई टेबलावर घेतलीय, कुठे गेली ती नवी.

“असू दे रागात,” दामिनी म्हणाली, आणि बाह्या वर करत आत गेली.